पण वाडा कुठे आहे?

बावधनहून शनिवारवाडा काही फार लांब नाही. (वाईजवळचे, बगाडाच्या यात्रेचे बावधन ते वेगळे. आमचे बावधन मुळशी तालुक्यातले, चांदणी चौकालगतचे.) तरीही आमच्या नववीच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो आतून पाहिलेला नव्हता. तेव्हा सहलीला लांब कुठे जाण्यापेक्षा एक दिवस पुण्यातच काढावा असे ठरले. सकाळी सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, डबे खाऊन झाले की दुपारी शनिवारवाडा. बरोबर आम्ही तिघे शिक्षक होतो. विज्ञान, गणित आणि इतिहास असे आमचे विषय.

उद्यानात मुले रमली. दुपारी दिल्ली दरवाजाने तर त्यांना गप्पच केले. पण आत शिरल्यावर समोर दिसली ती हिरवळ, दगडी जोती, कोरडी कारंजी आणि चारही बाजूंचा तट. एका मुलीने सरळ विचारले, "बाई, पण वाडा कुठे आहे?"

"जळला. २७ फेब्रुवारी १८२८," आम्ही सांगितले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. उत्तर बरोबर होते, पण ते पुरेसे नव्हते हे आम्हांला बसमध्ये परतताना जाणवू लागले. काय जळले आणि काय जळले नाही? जे जळत नाही, त्या विटांच्या भिंतीही का राहिल्या नाहीत? एवढी कारंजी असलेल्या वाड्यातली आग आठवडाभर का विझली नाही? पुढचे पंधरा दिवस वर्गात आणि मधल्या सुट्टीत हाच विषय चालला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत. मधूनमधून जपान येईल. त्याचे कारण आमची सकाळची बाग.

पु. ल. देशपांडे उद्यानाचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असे आहे. जपानमधल्या ओकायामा शहरातील 'कोराकुएन' या बागेच्या धर्तीवर ते रचलेले आहे. मूळ बागेचे काम १६८७ मध्ये सुरू झाले आणि १७०० मध्ये पुरे झाले. म्हणजे थोरल्या बाजीरावाच्या जन्माच्या सुमारासच ती बाग तयार झाली. ती बांधवून घेणारा इकेदा त्सुनामासा हा तिथला सरदार. नदीच्या एका काठाला त्याचा किल्ला आणि पलीकडे ही बाग. बागेच्या वळणदार वाटांवरून चालताना झाडांच्या शेंड्यांवर किल्ल्याचा उंच मनोरा डोकावतो. आपल्या कुंपणाबाहेरची टेकडी, मनोरा, जे काही दिसते ते जणू आपल्याच बागेचा भाग आहे अशी रचना करणे, ही तिथल्या बागकामाची जुनी रीत आहे. पुण्याच्या बागेला किल्ला नाही. मुलांना आम्ही म्हटले, "दुपारी आपण तो किल्ला पाहू." आणि दुपारी त्यांना किल्ल्याच्या जागी मोकळे मैदान दिसले!

तुलना ओढूनताणून केलेली नाही. जपानी किल्ला म्हटला की चित्रातला मजल्यावर मजले चढवलेला मनोराच आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण बहुतेक ठिकाणी सरदार त्या मनोऱ्यात राहत नसे. तो खालच्या ऐसपैस, बैठ्या, लाकडी महालात राहत असे. मनोरा टेहळणीसाठी, निकराच्या वेळी शेवटचा आसरा म्हणून आणि मुख्यतः लोकांवर छाप पाडण्यासाठी असे. भोवती दगडी तट आणि खंदक, मधे महाल, महालालगत बाग आणि पाणी. शनिवारवाड्याचाही आराखडा हाच आहे: नऊ बुरुजांचा तट, पाच दरवाजे, आत महाल आणि चौक, आणि कारंजी. दोन्हीकडे बांधकामाचा नियमही एकच. खाली दगड, वर लाकूड.

आधी दगडाचे पाहू. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवस शनिवार होते. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून. वाड्याविषयीच्या इंग्रजी मजकुरात या दगडाला बऱ्याचदा 'ग्रॅनाइट' म्हटलेले आढळते. ते चूक आहे. हा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा तो बनलेला आहे. बावधनच्या टेकडीवरचा एक दगड आम्ही मुद्दाम पिशवीतून नेला होता. तो तटाशेजारी धरून भिंगातून पाहिल्यावर मुलांना हे सांगावे लागले नाही. ग्रॅनाइटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे ठसठशीत कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, बेसॉल्ट बारीक कणांचा आणि गडद असतो. लाव्हारस जमिनीवर येऊन लवकर थिजला, कण मोठे व्हायला वेळच मिळाला नाही.

तटाचा खालचा भाग दगडी आहे, वरचा विटांचा. आपल्याकडे दगड चुन्यात बसवले जात. जपानी किल्ल्यांचे तट मात्र बहुधा चुन्याशिवाय रचलेले असतात. ते सरळ उभे नसून खाली पसरट आणि वर जाताना जास्त जास्त उभे होत जातात, उघडलेल्या पंख्याच्या कडेसारखे. बाहेरच्या मोठ्या धोंड्यांमागे लहान गोट्यांचा जाड थर भरलेला असतो. पावसाचे पाणी त्यातून निथळून जाते आणि मागच्या मातीचा रेटा वाढत नाही. भूकंपात हे गोटे एकमेकांवर थोडे घसरतात आणि हादऱ्याची काही ऊर्जा त्या घर्षणात जिरते. अर्थात यालाही मर्यादा आहे. २०१६ च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्याच्या तटाचे मोठमोठे भाग कोसळलेच.

दरवाजाशी आम्ही जरा जास्त रेंगाळलो, कारण तिथे भौतिकशास्त्राचा तास आपोआप सुरू झाला. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला फूटभर लांबीचे टोकदार खिळे आहेत, नऊ गुणिले आठ म्हणजे बहात्तर. हे सगळ्यांच्या लक्षात येते. पण दरवाजातून आत गेल्यावर वाट सरळ जात नाही. आधी एकदम उजवीकडे वळते आणि मग डावीकडे. का? एका मुलाने सांगितले, "शत्रूला आतले दिसू नये म्हणून." ते आहेच. दुसरे कारण संवेगाचे. हत्ती असो की ओंडका घेऊन धावणारी माणसे असोत, धडक देण्यासाठी वेग घ्यावा लागतो आणि वेग घ्यायला सरळ अंतर लागते. काटकोनात वळायचे तर तो वेग सोडून द्यावा लागतो. जपानी किल्ल्यांतही हीच युक्ती आहे. तिथे बाहेरचा दरवाजा, मग चौकोनी बंदिस्त अंगण आणि आतला दरवाजा समोर नव्हे तर बाजूच्या भिंतीत. एकमेकांना न भेटलेल्या दोन देशांतल्या गवंड्यांना एकच उत्तर सुचले, कारण प्रश्न एकच होता.

आता आग. मुलांची समजूत अशी होती की लाकूड म्हणजे काडेपेटीच्या काडीसारखे, पेटले की संपले. जाड लाकडाचे तसे होत नाही. जळताना लाकडावर कोळशाचा थर तयार होतो. कोळसा उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे आतल्या लाकडाला काही काळ संरक्षण मिळते. सागासारख्या कठीण लाकडात आग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत सरकते. समजा, खांब ३० सेंटीमीटर चौरस आहे आणि चारही बाजूंनी पेटला आहे. तासाभरात प्रत्येक बाजूने ४ सेंटीमीटर लाकूड गेले असे धरू. मग उरला २२ सेंटीमीटरचा खांब. त्याचा छेद ९०० चौरस सेंटीमीटरवरून ४८४ वर आला. म्हणजे तासभर जळूनही निम्म्याहून अधिक खांब शिल्लक आहे. पण वरच्या मजल्याची अडीच सेंटीमीटर जाडीची फळी खालून पेटली, तर पाऊण तासात तिचा निकाल लागतो. म्हणून जुन्या घरांच्या आगीत आधी कडीपाट कोसळतो आणि खांब बराच वेळ उभे दिसतात.

शनिवारवाड्याची आग तासाभराची नव्हती. ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. एवढ्या वेळात कोणताही खांब टिकणे शक्य नव्हते.

आणि खांब गेले की भिंतींचे काय? हा मुलांचा सर्वांत चांगला प्रश्न होता, कारण वीट तर मुळात भट्टीतून भाजूनच आलेली असते. वाड्याची रचना समजून घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. आजच्या साध्या विटांच्या घरात भिंत छत पेलते. पेशवाई वाड्यात छताचा आणि वरच्या मजल्यांचा भार कड्यांवरून तुळयांवर, तुळयांवरून लाकडी खांबांवर आणि खांबांखालच्या दगडी तळखड्यांमधून जमिनीत जाई. भिंतींमध्येही लाकडी चौकटी बसवलेल्या असत. लाकूड हा सांगाडा आणि विटा हे नुसते भरण. सांगाडा जळाला की न जळणाऱ्या विटाही खाली आल्या. आगीने लाकूड खाल्ले, वाडा पाडला तो गुरुत्वाकर्षणाने.

याच न्यायाने काय टिकले तेही कळते. दगडी जोती आणि तळखडे टिकले, कारण ते भार घेणाऱ्या साखळीच्या तळाशी होते, त्यांना पडायला जागाच नव्हती. तट टिकला, कारण तो स्वतःच्या जाडीवर उभा आहे. दिल्ली दरवाजा आणि वरचा लाकडी नगारखाना महालांपासून दूर, तटावर असल्यामुळे बचावले. नगारखान्यात चढून गेल्यावर मुलांना प्रथमच खरा खांब, खरी तुळई, खरे छत पाहायला मिळाले. "म्हणजे बाकीचा वाडा असाच होता?" असाच, पण कितीतरी मोठा आणि नक्षीदार. एक सूचना करावीशी वाटते. सहलीत नगारखाना शेवटी ठेवू नये. तो आधी दाखवावा आणि मग जोती. खांब एकदा डोळ्यांत बसला की रिकाम्या तळखड्यावर तो उभा करता येतो.

जपानी कारागिरांनाही आगीचीच धास्ती होती. हिमेजीचा किल्ला पांढराशुभ्र दिसतो तो शोभेसाठी नव्हे. लाकडी सांगाड्यावर चुन्याच्या गिलाव्याचे जाड थर चढवून आगीला दूर ठेवण्याचा तो उपाय आहे. ओकायामाचा १५९७ मध्ये पुरा झालेला किल्ला मात्र बाहेरून काळ्या फळ्यांचा. लोक त्याला कौतुकाने 'कावळा-किल्ला' म्हणतात. २९ जून १९४५ च्या विमानहल्ल्यात तो जळाला.

मग पाणी कुठे होते?

पुण्याला पाणी होते आणि तेही चांगले. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तळी बांधवली आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शहरात आणले. हा नळ म्हणजे आजचा पाइप नव्हे. माणूस आत चालू शकेल एवढा तो भुयारी कालवा आहे. वाटेत गाळ बसण्यासाठी कुंडे आहेत आणि ठरावीक अंतरावर जमिनीवर उघडणारे 'उच्छ्वास' आहेत. शहरात आल्यावर पाणी काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद अशा अनेक हौदांत पडे. कात्रजचे तळे शनिवारवाड्यापेक्षा ५० मीटरांहून अधिक उंचावर आहे आणि अंतर आठ-नऊ किलोमीटर. म्हणजे साधारण पावणेदोनशे मीटरांना एक मीटर उतार झाला. पंप नाही, बैल नाही, मोट नाही. पाणी आपल्या वजनाने येते.

इथे आमच्या गणिताच्या शिक्षकांनी शंका काढली. ५० मीटर उंचीवरून पाणी येते, तर शनिवारवाड्यातले कारंजे ५० मीटर उडायला हवे होते! वाड्यातले हजारी कारंजे प्रसिद्ध आहे. ते सोळा पाकळ्यांच्या कमळासारखे आहे, प्रत्येक पाकळीला सोळा धारा होत्या आणि धारांची ८० फुटांची कमान होई, असे वर्णन केले जाते. (हजारी म्हणजे मोजून हजार नव्हेत, हे मुलांनी गुणाकार करून लगेच ताडले.) सवाई माधवरावांच्या बालपणी हे बांधले गेले आणि १७९५ मध्ये ते महालाच्या वरच्या मजल्यावरून पडले ते याच कारंज्यावर.

५० मीटरांची शंका सोडवायला उच्छ्वास उपयोगी पडतात. नळी दोन्ही टोकांच्या मधे पूर्ण बंद असेल, तरच वरच्या पाण्याचा दाब खालच्या टोकापर्यंत पोचतो. गवंडी पाण्याची लेव्हल पाहायला पारदर्शक नळी वापरतो ती आठवा. तिच्या मधेच भोक पाडले तर? पाणी तिथूनच बाहेर येईल आणि पुढे दाब उरणार नाही. कात्रजच्या नळात पाण्याचा पृष्ठभाग उच्छ्वासांतून हवेला उघडा आहे. तो भुयारात लपवलेला ओढाच म्हणायचा. ओढ्याचे पाणी कितीही उंचावरून आले तरी त्यात बोट धरून कारंजे उडत नाही. उताराची सारी कमाई ते वाटेत घर्षणाला देऊन टाकते.

ही बांधणाऱ्यांची चूक नव्हती, शहाणपण होते. ५० मीटरांचा दाब म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पाचपट. चुन्यात बांधलेले दगडी भुयार किंवा खापरी नळांचे सांधे तो कसा सोसणार? उच्छ्वासांनी हवा मोकळी राहिली, नळ साफ करायला उतरता आले, आणि दाब कधी साठलाच नाही. मोबदल्यात कारंज्याचा दाब गेला.

तेव्हा कारंज्याला दाब द्यायचा तर तो जवळच्याच उंच टाकीतून द्यायला हवा. किती उंच? हे गणित नववी-दहावीच्या मुलांना झेपते. टाकीतल्या पाण्याची पातळी तोटीपेक्षा h उंच असेल, तर तोटीतून पाणी √(2gh) वेगाने सुटते. ४५ अंशांच्या कोनात उडवलेली धार v²/g इतक्या अंतरावर पडते. v² च्या जागी 2gh लिहा. अंतर येते नेमके 2h. g निघून जातो! म्हणजे घर्षण नसेल तर धार टाकीच्या उंचीच्या दुप्पट लांब जाते, आणि कमानीचा माथा उंचीच्या निम्म्यावर असतो. एका धारेची कमान ८० फुटांची धरली तर टाकी निदान ४० फूट उंच हवी, घर्षण धरले तर आणखी जास्त. समोरासमोरच्या दोन धारा मधे भेटून ८० फुटांची कमान होत असेल, तर २० फुटांवर भागेल. आजच्या दुमजली घराच्या गच्चीएवढी ही उंची झाली.

पाणी किती लागेल? समजा, तोटीचे छिद्र ३ मिलिमीटर व्यासाचे आहे आणि उंची ४० फूट, म्हणजे १२ मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेपंधरा मीटर येतो आणि एका धारेतून सेकंदाला सुमारे ०.११ लिटर पाणी जाते. २५६ धारांतून सेकंदाला २८ लिटर, तासाला सुमारे एक लाख लिटर! आकडा पाहून वर्ग हसला, आणि मग शांत झाला. उन्हाळ्यात बावधनच्या सोसायट्यांत किती टँकर येतात हे सगळ्यांना माहीत आहे. दहा हजार लिटरचे दहा टँकर एका तासात उडवायचे. असे कारंजे रोज दिवसभर चालत असणे अवघडच.

आगीच्या दृष्टीनेही हीच अडचण. ओढ्यासारखे, दाबाशिवाय आलेले पाणी तळमजल्याच्या हौदात असते. आग चौथ्या मजल्यावर. मधे फक्त माणसे आणि घागरी.

अगदी हाच पेच जपानमधल्या कानाझावाला पडला होता. १६३१ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि तीत किल्लाही जळाला. दुसऱ्याच वर्षी, १६३२ मध्ये, इताया हेइशिरो नावाच्या माणसाने साई नदीचे पाणी अकरा-एक किलोमीटर लांबीच्या कालव्याने किल्ल्याकडे आणले. हा 'तात्सुमी' कालवा. त्याचाही बराचसा भाग भुयारी आहे, उतार बेताचा, काम कात्रजच्या नळासारखेच. अडचण शेवटी आली. किल्ला पलीकडच्या उंचवट्यावर आणि मधे खोल खंदक. इथे त्यांनी शेवटच्या टप्प्यात पाणी बंद नळात घातले. पहिल्यांदा लाकडी नळ होते, पुढे दगडी आले. पाणी एका बाजूने खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूने वर चढले. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीसारखेच. बाहेर पडणारे टोक आत शिरणाऱ्या टोकापेक्षा किंचित खाली ठेवायचे, एवढीच अट. लोकांना पाणी चढ चढते हा चमत्कार वाटला असेल, पण सगळा हिशोब दोन टोकांच्या पातळ्यांचा आहे.

त्याच किल्ल्यालगतच्या केनरोकुएन बागेत एकोणिसाव्या शतकातले एक साधे कारंजे आजही पंपाशिवाय उडते. वरच्या तळ्याच्या पाण्याच्या दाबावर ते सुमारे साडेतीन मीटर उंच जाते. तळ्याची पातळी खाली गेली की कारंजेही बुटके होते. हजारी कारंज्याच्या मानाने ते गरीबच, पण आम्हांला शिकवायला तेच जास्त आवडले.

शाळेत हे करून पाहता येईल. गच्चीवरच्या टाकीला बागेची नळी जोडा, टोकाला रिकाम्या बॉलपेनची नळी घट्ट बसवा आणि धार आधी सरळ वर, मग ४५ अंशांवर उडवा. टाकीतल्या पाण्याची उंची मोजून ठेवा. धार किती कमी पडते, ते घर्षणाने खाल्ले. नंतर नळीच्या मध्यावर टाचणीने एक भोक पाडा आणि काय होते ते मुलांना आधी सांगायला लावा. (नळी जुनी घ्यावी. आमची नवी होती आणि शिपाईमामा अजून रागावलेले आहेत.)

राहिला मुलीचा मूळ प्रश्न, थोड्या बदललेल्या रूपात: "जळला तर परत का नाही बांधला?" जपानमध्ये बांधले आहेत. ओकायामाचा मनोरा १९६६ मध्ये सिमेंट-काँक्रीटचा उभा राहिला, बाहेरून जुन्यासारखा आणि आत लिफ्ट. नागोयाचा मनोराही १९४५ मध्ये जळाला आणि १९५९ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला. पण तिथला खालचा महाल २००९ ते २०१८ या काळात लाकडात, जुन्या पद्धतीने पुन्हा बांधला गेला. हे शक्य झाले, कारण जळण्यापूर्वी त्या इमारतींची मापे घेऊन काढलेली चित्रे आणि छायाचित्रे शाबूत होती. कोणता खांब किती जाड, कोणता सांधा कसा, हे कागदावर होते.

शनिवारवाडा जळाला तेव्हा छायाचित्रणाची कला जगापुढे यायला अकरा वर्षे बाकी होती. जोत्यांवरून खोल्यांची लांबी-रुंदी कळते, तळखड्यांवरून खांबांची जागा कळते, नगारखान्यावरून कारागिरी कळते. वरचे मजले कळत नाहीत. सातव्या मजल्यावरून आळंदीचा कळस दिसे असे म्हणतात, पण त्या मजल्याची उंची आता कोणी मोजू शकत नाही. तेव्हा जे बांधू ते आपल्या कल्पनेतले असेल. आमच्यात यावर एकमत झाले नाही. इतिहासाच्या बाईंना रिकामी जोतीच प्रामाणिक वाटतात. गणिताच्या सरांचे म्हणणे असे की एखाद्या चौकाचे निदान लहान लाकडी प्रतिरूप शेजारी असावे, नाहीतर दर वर्षी कुठलेतरी मूल हाच प्रश्न विचारणार. विज्ञानशिक्षक म्हणून आमचे मत बाईंच्या बाजूला झुकते, पण सरांचा मुद्दाही खोडून काढता येत नाही.

वाद तसाच सोडून आम्ही दुसरे एक काम हाती घेतले आहे. आमच्या आसपासच्या गावठाणांत जुनी लाकडी घरे अजून थोडी उरली आहेत. दर वर्षी त्यांतले एखादे पाडून इमारत उभी राहते. मालकांची परवानगी काढून, आठ मुले आणि एक पंधरा मीटरची टेप घेऊन पहिले घर मोजायला सुरुवात केली. खांब १९ सेंटीमीटर, सोप्याची रुंदी २ मीटर ८५, तुळईच्या टोकाला वाळवीची खूण. वाडा कुठे आहे म्हणून विचारणारी मुलगी कागदावर आकडे लिहीत होती. मधेच ती थांबून म्हणाली, "बाई, तळखडा जमिनीत किती खोल आहे ते कसं मोजायचं?" ते अजून ठरायचे आहे. घरमालक उकरू देणार नाहीत.